लाइटबिल बेस्टचं, वीज कोणाची?

कुलाब्यापासून इकडे माहीम आणि तिकडे शीवपर्यंतच्या मुंबईत लाइटबिल येतं ते बेस्टचं. सुमारे दहा लाख ग्राहक. लंडनमध्ये नोंदलेली ही कंपनी महापालिकेने 7 ऑगस्ट 1947 रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ताब्यात घेतली. तेव्हापासून ती पालिकेचा उपक्रम. मग सगळं पालिकेच्याच हातात, असं लोक धरून चालतात आणि घोळ तिथून सुरू होतो.

बेस्ट वीज बनवते, हा त्यातला सगळ्यात जुना समज. सुरुवातीच्या काळात वाडी बंदरला कंपनीचं छोटं वीजघर होतं खरं. आज मात्र वीज विकत घेतली जाते, तिचा मोठा भाग टाटा पॉवरकडून. बेस्टचं काम ती आपल्या केबलमधून घरोघर पोचवण्याचं. 12 ऑक्टोबर 2020 च्या सकाळी मुंबई ठप्प झाली, तेव्हा मूळ बिघाड शहराबाहेरच्या उच्चदाब वाहिन्यांत होता. लोकांनी शिव्या दिल्या त्या आपापल्या बिलावर जे नाव होतं त्याला.

दरही पालिका ठरवत नाही. बेस्टने खर्चाचा हिशेब मांडायचा, लोकांनी हरकती घ्यायच्या आणि आकडा ठरवायचा महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने. बिलातलं 16 टक्के वीज शुल्क तर थेट राज्य सरकारच्या तिजोरीत जातं.

बेस्ट बसही चालवते आणि त्या बसचा तोटा आपल्या बिलातून काढते, ही तक्रार अगदीच हवेतली नाही. वर्षानुवर्षं विजेच्या पैशावर बस चालल्या आणि पुढे तर परिवहनाच्या तोट्यापोटी बिलात वेगळा आकारच येत होता. दादरच्या चाळीतल्या माणसाने एसी बसचा तोटा का भरावा, हा प्रश्न रास्त होता. पण तो आकार केव्हाच निघाला. आता बसची तूट भरून काढायला पालिकेकडे हात पसरावे लागतात. तरी इंधन समायोजन आकार वाढला की अजूनही कोणीतरी बसकडेच बोट दाखवतं.

उपनगरातला मेहुणा अदानीवरून टाटावर गेला, मग आपल्याला का जाता येत नाही? 2003 च्या वीज कायद्यात त्याचं उत्तर आहे. आधीपासून वीज वाटणाऱ्या स्थानिक संस्थेवर आपल्या तारा दुसऱ्याला वापरू देण्याची सक्ती नाही. टाटा शहरात वीज देऊ शकते, पण स्वतःचं जाळं टाकून, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितलं. भुलेश्वरच्या गल्लीत आणखी एक केबल कुठून न्यायची, ते गल्ली पाहिलेल्याला सांगायला नको.

सगळ्यात जास्त गैरसमज लाइट गेल्यावर होतात. "समोरच्या बिल्डिंगमध्ये लाइट आहे, आपलीच मुद्दाम काढली." इमारतीला वीज येते ती तीन फेजवर आणि घरं त्या तिघांत वाटलेली असतात. एक फेज गेला की दुसऱ्या मजल्यावर अंधार, तिसऱ्यावर टीव्ही चालू आणि लिफ्ट बंद. फुटपाथवरच्या लोखंडी पिलरमधला फ्यूज उडाला असेल तर काम लवकर होतं. केबलच गेली असेल तर मात्र ती जमिनीखाली नेमकी कुठे तुटली ते यंत्राने शोधायचं, खणायचं, सांधा मारायचा, पुन्हा तपासायचं. बऱ्याचदा ती आदल्या दिवशी पाण्याच्या किंवा इंटरनेटच्या लाइनसाठी खणणाऱ्यानेच तोडलेली असते.

पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरलं की पिलर बुडतात आणि तिथला पुरवठा जाणूनबुजून बंद केला जातो. त्याला लोक बिघाड म्हणतात. पाण्यात करंट उतरू नये म्हणून घेतलेली ती खबरदारी असते. पाणी ओसरून पेटी कोरडी झाल्याशिवाय फोन करून उपयोग नाही. एरवी फोन करताना मात्र एकाच घरातली गेली, एक फेज गेला की अख्खी बिल्डिंग, एवढं पाहून सांगावं. फ्यूज घेऊन निघायचं की केबलवाल्यांना बोलवायचं, ते बेस्टवाल्यांना तेवढ्यावरून कळतं.