प्रचारभाषा, अतिउजव्या गटांची

प्रचारभाषा, अतिउजव्या गटांची : धर्म, वंश वा राष्ट्र यांच्या एकजिनसीपणाचा आग्रह धरणारे आणि त्यापायी एखाद्या समूहाचे समान नागरिकत्व नाकारणारे गट अनुयायी मिळविण्यासाठी जी भाषा योजतात ती. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून तिचा प्रसार मुख्यतः समाजमाध्यमांतून होतो. युक्तिवादाने मत पालटविण्यापेक्षा, आपण शत्रूने वेढले गेलो आहोत, ही भावना वाचकाच्या मनात रुजविणे हे तिचे प्रमुख कार्य होय.

या भाषेचे पहिले साधन नामकरण हे आहे. विवाह, जमीनखरेदी यांसारख्या स्वतंत्र घटनांना एकच युद्धवाचक नाव दिले, की त्यांमागे कट असल्याचे पुराव्यावाचून सूचित होते. ‘लव्ह जिहाद’ हा शब्द याचे ठळक उदाहरण होय. प्रचलित कायद्यांत या संज्ञेची व्याख्या नाही व केंद्रीय तपासयंत्रणांकडे असे एकही प्रकरण नोंदलेले नाही, असे केंद्र शासनाने लोकसभेत फेब्रुवारी २०२० मध्ये सांगितले. तथापि शब्द प्रचारात राहिला. यूरोपात फ्रेंच लेखक रनो कामू यांनी २०११ मध्ये रूढ केलेल्या ‘महाविस्थापन’ या कल्पनेचे कार्य असेच आहे. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे १५ मार्च २०१९ रोजी ५१ जणांची हत्या करणाऱ्याने आपल्या पत्रकास तेच नाव दिले होते.

दुसरे साधन म्हणजे संदिग्धता. आरोप विधानाऐवजी प्रश्नाच्या वा विनोदाच्या रूपाने केला जातो; त्यामुळे आक्षेप आल्यास ‘केवळ विचारले’ किंवा ‘गंमत होती’ असे म्हणता येते. सण-उत्सवांच्या शुभेच्छा आणि इतिहासातील मानबिंदू यांनी आरंभ होतो. मागाहून अपमानाची व सूडाची भाषा येते. मजकूर आप्त वा मित्राकडून आलेला असल्याने त्याच्या मूळ कर्त्याविषयी शंका घेतली जात नाही. ‘पुढे पाठवा’ या आवाहनाने वाचक स्वतःच प्रचारक बनतो.

महाराष्ट्रात शिवछत्रपतींविषयीच्या आदरभावाचा असा उपयोग केला गेला आहे. फेसबुकवरील विटंबनात्मक चित्रांवरून पुण्यात उसळलेल्या हिंसाचारात हडपसर येथे २ जून २०१४ रोजी एका निरपराध मुस्लिम तरुणाची हत्या झाली. एका हिंदुत्ववादी संघटनेच्या कार्यकर्त्यांवर भरलेल्या या खटल्यातील आरोपी २०२३ मध्ये पुराव्याअभावी निर्दोष सुटले. कोल्हापुरात मोबाइलवरील ‘स्टेटस’चे निमित्त होऊन ७ जून २०२३ रोजी बंदच्या वेळी दगडफेक झाली.

नंदुरबार जिल्ह्यास लागून असलेल्या साक्री तालुक्यातील (जि. धुळे) राईनपाडा येथील घटना यांहून भिन्न आहे. तेथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळविणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ठार केले. या अफवेमागे राजकीय विचारसरणी नव्हती. परंतु अनोळखी माणसाविषयीचे भय मोबाइलवरून पसरले, की काय घडते, हे तीवरून दिसते. प्रचारभाषा याच भयाला धर्माचे वा जातीचे नाव देते. नंदुरबार जिल्ह्यात भिली, पावरी, मावची, अहिराणी व गुजराती या भाषा घरोघरी बोलल्या जातात, तर २०११ च्या जनगणनेत साक्षरता सु. ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. अशा प्रदेशात चित्रफीत व ध्वनिफीत लेखी खुलाशाच्या पुढे धावते. म्हणून खंडनही लोकांच्या बोलीतून व परिचित व्यक्तीच्या मुखातून होणे आवश्यक ठरते.

समूहांत वैर वाढविणारे लेखन-भाषण भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ नुसार दंडनीय आहे. तथापि माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. त्या वादास २०१२ मध्ये पालघर येथे फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना झालेली अटक कारणीभूत होती. चर्चा, पुरस्कार व चिथावणी यांत न्यायालयाने भेद केला. प्रचारभाषा बहुधा चिथावणीच्या सीमेअलीकडे थांबत असल्याने केवळ दंडविधान तिला पुरे पडत नाही; शब्द कोणी घडविला व तो कोणती घटना झाकतो, हे विचारण्याची सवय हाच तिच्यावरील टिकाऊ उपाय होय.