एका बाराची नळी

कऱ्हाडला दर वर्षी डिसेंबर महिन्यात, १९७१ च्या युद्धातील विजयाच्या स्मरणार्थ विजय दिवस समारोह साजरा होतो. काही वर्षांपूर्वी तेथील शस्त्रप्रदर्शन पाहायला मी आमच्या महाविद्यालयातील मुलांना घेऊन गेलो होतो. मांडलेल्या शस्त्रांत खांद्यावर ठेवून उडवायचा ८४ मिलिमीटरचा रॉकेट लाँचर होता. एका मुलाने मागच्या बाजूने वाकून आत पाहिले आणि तो ओरडलाच, "सर, या तोफेला बूडच नाही! पलीकडचं सगळं दिसतंय!"

शेजारी उभे असलेले जवान हसले. मला मात्र त्या मुलाचे कौतुक वाटले, कारण नेमकी खरी गोष्ट त्याने हेरली होती. बंदूक असो की किल्ल्यावरची जुनी तोफ असो, तिची नळी एका बाजूने बंद असते. ही नळी दोन्ही बाजूंनी उघडी का? आणि या जातीच्या काही नळ्या तर एकदा उडवल्या की टाकून देतात. एवढे मोलाचे शस्त्र एकदाच वापरून फेकून देणे परवडते तरी कसे?

विद्यार्थी मित्रांनो, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तुमच्या नववीच्या पुस्तकातच आहेत.

खांद्याला धक्का का बसत नाही?

बंदुकीची गोळी पुढे जाते तेव्हा बंदूक मागे येते आणि खांद्याला दणका बसतो. वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग. गोळी सुटण्यापूर्वी एकूण संवेग शून्य होता. गोळीने पुढच्या दिशेने जेवढा संवेग घेतला तेवढाच बंदुकीला मागच्या दिशेने घ्यावा लागतो. दहा ग्रॅमची गोळी सेकंदाला ८०० मीटर वेगाने सुटली तर तिचा संवेग ८ एकक होतो. बंदूक चार किलोची असेल तर ती सेकंदाला २ मीटर वेगाने मागे येईल. एवढा धक्का खांदा सोसतो.

आता रणगाडाविरोधी अग्निबाणाचे पाहू. अमेरिकेत १९६३ साली सैन्यात आलेला एम-७२ हा या 'एका बाराच्या' शस्त्रांतला सर्वांत प्रसिद्ध. त्याचा अग्निबाण सुमारे एक किलोचा आणि वेग सेकंदाला सुमारे १४५ मीटर. म्हणजे संवेग १४५ एकक. बंद बुडाच्या दहा किलो वजनाच्या नळीतून हा बाण सोडला, तर नळी सेकंदाला साडेचौदा मीटर, म्हणजे तासाला ५२ किलोमीटर वेगाने मागे येईल. पुणे-कोल्हापूर रस्त्यावरची एस.टी. खांद्यावर आदळावी, तसला हा प्रकार!

उपाय सोपा आहे. नळीचे बूड काढून टाका. बाणाच्या शेपटीतील दारू जळते, तप्त वायू मागच्या उघड्या तोंडातून वेगाने निसटतात आणि बाण पुढे जातो. पुढे जाणाऱ्या बाणाचा संवेग आणि मागे जाणाऱ्या वायूंचा संवेग यांची परस्पर फिटंफाट होते. नळीच्या वाट्याला जवळजवळ काहीच येत नाही. ती फक्त बाणाला दिशा दाखवते.

निसर्ग मात्र फुकट काही देत नाही. खांदा वाचला, पण नळीच्या मागे आगीचा आणि वायूंचा लोट उसळतो. मागे उभा असलेला माणूस त्याने गंभीर जखमी होतो, प्रसंगी मरतोही. बंद खोलीतून असा बाण सोडणे तर सोडणाऱ्यालाच घातक. म्हणून स्वीडनमधील एटी-४ या एकदाच वापरायच्या शस्त्राच्या एका प्रकारात नळीच्या मागच्या भागात चक्क मिठाचे पाणी भरलेले असते. बार उडाला की ते पाणी मागे फेकले जाते. वायूऐवजी पाण्याने संवेग वाहून नेला, तेव्हा आगीचा लोटही कमी झाला. भारतीय सशस्त्र दलांसाठी याच शस्त्राची निवड झाल्याचे जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाले.

नळीचे आयुष्य किती?

एम-७२ ची नळी घडी घातलेल्या दुर्बिणीसारखी असते. मिटलेली असताना ६३ सेंटिमीटर, ओढून लांब केली की सुमारे ८८ सेंटिमीटर. बाणाची दारू नळीच्या आतच जळून संपते. तेव्हा एक गणित करा. शून्यापासून १४५ मीटर प्रतिसेकंद हा वेग ०.८८ मीटर अंतरात गाठायचा, तर त्वरण किती आणि वेळ किती?

त्वरण येते सुमारे १२,००० मीटर प्रतिसेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या बाराशे पट! आणि वेळ येतो सेकंदाचा सुमारे बारा सहस्रांश भाग. आपली पापणी लवायला याच्या दहापट तरी वेळ लागतो.

या उत्तरातच दुसऱ्या प्रश्नाचा उलगडा आहे. तोफेच्या नळीला हजारो बार सोसायचे असतात. म्हणून ती जाड पोलादाची आणि अवजड. या नळीला आयुष्यात एकदाच, सेकंदाच्या बारा सहस्रांश भागापुरते काम करायचे आहे. मागचे तोंड उघडे असल्याने आत दाबही फार साचत नाही. मग अॅल्युमिनियम आणि काचतंतूंची हलकी नळी पुरते. तीच नळी बाणाची पेटी, तीच त्याचे पावसापाण्यापासून रक्षण करणारे वेष्टण आणि तीच तोफ. सगळे मिळून वजन अडीच किलोच्या आसपास. बार झाला की शिल्लक राहते ती पोकळ नळी, उदबत्ती संपल्यावर उरलेल्या पुड्यासारखी.

हलक्या बाणाने पोलाद कसे फुटते?

येथे चाणाक्ष वाचकाला शंका येईल. एक किलोच्या या बाणाची गतिज ऊर्जा सुमारे १०,५०० ज्यूल. म्हणजे ५० किलोचे पोते सातमजली इमारतीवरून खाली पडावे, एवढीच. त्याने वीतभर जाडीचे पोलाद फुटेल का? मुळीच नाही. बाणाचे काम फक्त निरोप पोचवण्याचे. खरे काम त्याच्या डोक्यातील पोकळ स्फोटक करते.

१८८८ साली अमेरिकेत चार्ल्स मन्रो या रसायनशास्त्रज्ञाला एक गंमत दिसली. स्फोटकाच्या वडीवर कारखान्याची अक्षरे खोल कोरलेली होती. ती वडी पोलादी पत्र्यावर ठेवून उडवली, तेव्हा तीच अक्षरे पत्र्यावर उमटली! जेथे स्फोटक पोकळ होते तेथेच घाव खोल बसला होता. पुढे या पोकळीला शंकूचा आकार आणि धातूचे अस्तर देण्यात आले. स्फोट होताच अस्तर आतल्या आत मिटते आणि त्याच्या अक्षावरून धातूची बारीक धार पुढे उसळते. तिच्या टोकाचा वेग सेकंदाला आठ-दहा किलोमीटर असू शकतो.

ही धार पोलाद वितळवून आत शिरते, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. तिचा दाब इतका प्रचंड असतो की त्यापुढे पोलादाची ताकद नगण्य ठरते आणि घन पोलाद द्रवासारखे बाजूला सरते. म्हणून हे शस्त्र बाणाच्या वेगावर अवलंबून नसते. हळू जाणारा, एका माणसाला उचलता येणारा बाणही रणगाड्याला भारी पडतो, तो यामुळे.

या धारेची कल्पना घरी येऊ शकते. बादलीभर पाण्यात गोटी सरळ सोडा. पाण्यात क्षणभर खळगा पडतो, तो मिटतो आणि मधोमध पाण्याची बारीक उभी धार वर उडते. खळगा मिटताना सगळे पाणी एका रेषेवर जमते आणि त्याला निसटायला एकच वाट उरते. तत्त्व पुष्कळसे तेच.

भंगारातून आलेली कल्पना

अमेरिकेत रॉबर्ट गोडार्ड यांनी नळीतून सोडायच्या अग्निबाणाचे प्रात्यक्षिक नोव्हेंबर १९१८ मध्ये करून दाखवले. नळी टेकवायला त्यांनी संगीताची पाने ठेवायचा स्टँड वापरला होता. पण चार-पाच दिवसांतच पहिले महायुद्ध संपले आणि कल्पना मागे पडली. दुसऱ्या महायुद्धात एडवर्ड उल या तरुण अधिकाऱ्याला भंगाराच्या ढिगात नेमक्या मापाची नळी दिसली. तिच्यातून बाण सोडून पाहावा असे त्याला सुचले आणि १९४२ साली 'बझूका' सैन्यात आला. जर्मनांनी १९४३ पासून वापरलेला 'पांत्सरफाउस्ट' हा तर एका बाराचाच होता. पोलादी नळी उडवून टाकून द्यायची.

आपल्याकडेही ही कल्पना अगदीच परकी नव्हे. पेशवेकालीन कागदपत्रांत 'बाणांच्या कैच्या' असा उल्लेख येतो. तो बाण धनुष्याचा नव्हे, दारूचा. हैदरअली आणि टिपू यांच्या सैन्यातील लोखंडी नळीचे बाण प्रसिद्धच आहेत. २०१८ साली कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यात एका जुन्या विहिरीत असे हजाराहून अधिक बाण सापडले. उडालेले बाण रणांगणात नाहीसे झाले. न उडालेले विहिरीच्या चिखलात टिकले. एकदाच वापरायच्या वस्तूचा इतिहास असाच मागे राहतो. तिने काम केले तर ती उरत नाही.

काय जपावे?

सातारा-सांगलीकडे सैन्याचे नाते घराघरांत आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. पहिल्या महायुद्धात गावचे ४६ जवान कामी आले, असे गाव अभिमानाने सांगते. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यात निघाली. १९६५ च्या युद्धात संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. त्यांचे जन्मगाव देवराष्ट्रे त्यांच्या जन्माच्या वेळी सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. त्याच युद्धात १० सप्टेंबर रोजी खेमकरण भागात जीपवरच्या १०६ मिलिमीटर बिनधक्क्याच्या तोफेने पॅटन रणगाडे फोडताना अब्दुल हमीद यांना वीरमरण आले. मरणोत्तर परमवीरचक्राने त्यांचा गौरव झाला. ती तोफही बुडाशी वायूंना वाट देणारीच. सुमारे आठ किलोचा गोळा ५०० मीटर प्रतिसेकंद वेगाने सोडणारी आणि स्वतः सुमारे २१० किलो वजनाची ती तोफ बंद बुडाची असती, तर तिचे आणि जीपचे काय झाले असते, हे तुम्हीच काढून पाहा.

तेव्हा अशा शस्त्रांचा संग्रह करावासा वाटणे स्वाभाविक आहे. परदेशांत निकामी केलेल्या रिकाम्या नळ्या जमवणारे छांदिष्ट आहेतही. पण येथे मला माझीच एक चूक सांगायला हवी.

सात-आठ वर्षांपूर्वी एक शाळकरी मुलगा आमच्या प्रयोगशाळेत कापडात गुंडाळलेली वस्तू घेऊन आला. मागे पंख, पुढे निमुळते टोक, सगळे गंजलेले. भंगारवाल्याकडून चाळीस रुपयांना घेतली, म्हणाला. विज्ञान प्रदर्शनात मांडायची होती. मी ती हातात घेतली, फिरवून पाहिली, कानाशी हलवूनसुद्धा पाहिली! मग घाम फुटला. वस्तू जेथे होती तेथेच टेबलावर ठेवली, मुलांना बाहेर काढले, दार लावले आणि पोलिसांना फोन केला. बॉम्बशोधक पथक येईपर्यंतचा दीड तास माझ्या आयुष्यातला सर्वांत लांब दीड तास. वस्तू सरावाची, दारू नसलेली निघाली. पथकातील हवालदारांनी जाताना एवढेच विचारले, "सर, ही काय आहे ते तुम्हाला ठाऊक नव्हतं ना? मग हात कशाला लावलात?"

मी भौतिकशास्त्र वीस वर्षे शिकवतो आहे. माझ्याजवळ उत्तर नव्हते.

मित्रांनो, रिकामी नळी ही निव्वळ नळी असते. पण न फुटलेला बाण कितीही जुना झाला तरी बाणच असतो. गंजाने तो मरत नाही. उलट त्याची कळ अधिकच बेभरवशाची होते. सरावाच्या मैदानांवर भंगार वेचताना माणसे दगावली आहेत. आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार रणगाडाविरोधी अस्त्रे निषिद्ध शस्त्रांत मोडतात. तेव्हा अशी वस्तू दिसली तर हात लावू नका, हलवू नका, इतरांना दूर करा आणि ११२ वर कळवा.

पाहायचे असेल तर योग्य जागा आहेत. अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय १९९४ पासून आहे. युद्धात हस्तगत केलेला पॅटन तेथे पाहता येतो. आणि जमवायचेच असेल, तर आठवणी जमवा. तुमच्या गल्लीत, वाडीत निवृत्त सुभेदार, हवालदार असतीलच. त्यांना भेटा. पुठ्ठ्याची नळी करून न्या, ती खांद्यावर कशी धरायची ते विचारा. कोणत्या साली, कोठे, कोणते शस्त्र हाताळले, शेजारी कोण होते, कोण परत आले नाही, हे वहीत लिहून घ्या, तारखेसह. शाळेच्या वाचनालयात ती वही ठेवा.

आमच्या शेजारचे एक वृद्ध सुभेदार नुकतेच वारले. त्यांनी कोणती नळी किती वेळा उडवली, हे विचारायचे मी दर दिवाळीला ठरवत असे. माणसाची आठवणही एका बाराचीच असते. ती निघून गेली की मागे पोकळ नळीसुद्धा उरत नाही.