‘लुलू’ची गोष्ट: चाचांच्या दुकानापासून हायपरमार्केटपर्यंत

आखातातून सुट्टीवर आलेल्या नातलगाच्या सामानात ‘लुलू’ लिहिलेली एखादी तरी पिशवी निघतेच. अरबीत लुलू म्हणजे मोती. नाव अरबी असलं तरी ही दुकानं उभी करणारा माणूस केरळचा आहे, हे सांगितलं की आपली मुलं चकित होतात.

एम. ए. युसुफ अली यांचा जन्म १९५५ सालचा, त्रिशूर जिल्ह्यातल्या नाट्टिका गावचा. घरच्यांचं अहमदाबादला दुकान होतं, व्यापाराचे पहिले धडे तिथे मिळाले. मग मुंबईहून बोटीने निघून ३१ डिसेंबर १९७३ ला ते दुबईच्या बंदरात उतरले. वय अठरा. आपल्या कोकणातल्या कितीतरी बुजुर्गांनीही याच मुंबईतून बोटीने आखात गाठलं होतं.

‘शून्यातून साम्राज्य’ असं त्यांच्याबद्दल सर्रास लिहिलं जातं. आम्हाला ते अर्धंच खरं वाटतं. अबुधाबीत त्यांच्या चाचांचं छोटं दुकान आधीपासून होतं. म्हणजे डोक्यावर छप्पर होतं, हाताशी काम होतं आणि विश्वासाचं माणूस होतं. बाकी सुखसोयी नव्हत्या. एसी नसल्यामुळे उन्हाळ्यात गच्चीवर पाणी ओतून झोपत असू, असं ते मुलाखतींत सांगतात.

आता धंद्याचं गणित बघू. किराण्यात एका वस्तूमागे नफा फार थोडा सुटतो. कमाई होते ती माल भराभर फिरला तर. त्यामुळे माल कुठून, किती भावात आणि किती दिवसांत येतो, यावर सगळं ठरतं. युसुफ अलींनी गल्ल्यावर बसून राहण्याऐवजी बाहेरून माल मागवणं आणि इतर दुकानांना पुरवणं यावर भर दिला. गोठवलेलं अन्न आणायचं तर शीतगृह लागतं, गाड्या लागतात. वाळवंटी देशात हे ज्याच्याकडे, त्याचा हात वर.

दुसरी गोष्ट म्हणजे गिऱ्हाईक. आखातात मल्याळी, पाकिस्तानी, फिलिपिनो, इजिप्शियन असे सगळे एकाच शहरात राहतात आणि प्रत्येकाला आपल्या घरची चव हवी असते. परदेशात राबणाऱ्याला काय खावंसं वाटतं, हे दुसऱ्या परदेशी माणसाला लवकर कळतं. ‘लुलू’त केरळचा तांदूळही मिळतो आणि अरबी खजूरही.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला. आखातातले कितीतरी लोक गाशा गुंडाळून मायदेशी निघाले. युसुफ अली मात्र थांबले, आणि त्याच काळात अबुधाबीत त्यांचं सुपरमार्केट सुरू झालं. पुढे २००० साली दुबईत पहिलं हायपरमार्केट आलं. भाजी, मासळी, कपडे, टीव्ही, सगळं एका छताखाली. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनीचे शेअर अबुधाबीच्या बाजारात आले, तेव्हा आखाती देशांत तिची सुमारे २४० दुकानं होती.

हे वाचून कुणी म्हणेल, आपल्याला काय त्याचं? आपल्याकडे दोन-दोन पिढ्या आखातात राबल्या. तो पैसा बहुतेक करून बंगल्यात, संगमरवरात आणि लग्नांत गेला. घरं झाली हे चांगलंच, पण कित्येक बंगल्यांना वर्षातले दहा महिने कुलूप असतं, आणि त्याच गावातला होतकरू पोरगा भांडवल नाही म्हणून पुन्हा व्हिसाच्या रांगेत उभा राहतो.

भांडवल म्हटलं की लगेच व्याजाचा प्रश्न येतो. त्यासाठी आपल्याकडे मुदारबतची पद्धत आहे. पैसा एकाचा, मेहनत दुसऱ्याची. नफ्याची वाटणी आधी ठरवायची, ती टक्क्यांत किंवा हिश्शात. ‘दर महिन्याला ठरलेले दहा हजार’ असं लिहिलं तर ती मुदारबत राहत नाही. धंदा बुडाला आणि करणाऱ्याने हलगर्जी किंवा बेईमानी केली नसेल, तर पैशाचं नुकसान पैसेवाल्याचं. दुसऱ्याची मेहनत वाया जाते, तेच त्याचं नुकसान. अशी बोली सख्ख्या भावांतसुद्धा कागदावर, साक्षीदारांसमोर व्हावी. ‘घरातलाच आहे, लिहायचं काय’ म्हणून किती दुकानं आणि किती नाती तुटली, ते प्रत्येक मोहल्ल्याला माहीत आहे. कर्ज आणि देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवा, हा तर कुरआनचाच हुकूम आहे, सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत.