डोळे मागाहून

चांदूर रेल्वेतलं सातवी-आठवीतलं एखादं पोट्टं नारुतो काढायला बसलं, की आधी डोळा काढतं. तोही डावीकडचा. तो झकास उतरतो. वरची पापणी जाड, बुबुळ उभट, त्यात पांढरी चमक. अडचण येते ती उजवीकडच्या डोळ्याला. तो कधी वर सरकतो, कधी मोठा होतो, कधी नाकाकडे झुकतो. खोडरबर फिरून फिरून कागद काळा पडतो आणि चित्रकलेच्या सरांपर्यंत गाऱ्हाणं जातं, "सर, दुसरा डोळा जमूनच नाही राह्यला."

त्यात डोळ्याचा काही दोष नसतो. ज्या डोक्यावर तो बसायचा, ते डोकंच अजून कागदावर आलेलं नसतं.

जपानी चित्रकथांची, म्हणजे मंगाची, ही ओढ आपल्याकडे टीव्हीवाटे आली. 2005 पासून हंगामा वाहिनीवर डोरेमॉन हिंदीत बोलू लागला, पाठोपाठ शिनचॅन आला, आणि मोबाइल हातात आल्यावर नारुतो, गोकू, लुफी हे सगळे बडनेरा आणि धामणगावच्या मधल्या या स्टेशनाच्या गावातही घरचे झाले. छापील मंगा मात्र तालुक्याच्या ठिकाणच्या पुस्तक-स्टेशनरीच्या दुकानात सहसा मिळत नाही. त्यामुळे इथल्या मुलांसमोर असतं ते पडद्यावरचं तयार चित्र. त्याच्याखाली पुसून टाकलेल्या रेघा त्यांना कधी दिसत नाहीत, आणि शिकायचं असतं नेमकं तेच.

त्या रेघा दाखवणारी पुस्तकं जपानमध्ये दोनशे वर्षांपूर्वीच निघाली होती. 1812 साली, पन्नाशी ओलांडलेल्या होकुसाई या चित्रकारानं झटपट चित्रकला शिकवणारं एक पुस्तक काढलं. त्यात प्राणी, पक्षी, माणसं कंपासच्या गोलांतून आणि पट्टीच्या रेघांतून कशी उभी राहतात ते दाखवलेलं आहे. गोलांचा सांगाडा एकीकडे, पुरं झालेलं चित्र शेजारी. दोन वर्षांनी, 1814 मध्ये, त्याच्या 'होकुसाई मंगा'चा पहिला भाग आला. त्यात गोष्ट नव्हती. पैलवान, कोळी, भुतं, पावसात चाललेली माणसं अशी शेकडो रेखाटनं होती, आणि पुस्तक नवशिक्यांनी समोर ठेवून गिरवावं म्हणून छापलेलं होतं. त्याचे पंधरा भाग निघाले. शेवटचा 1878 मध्ये, होकुसाईच्या मृत्यूनंतर जवळजवळ तीस वर्षांनी.

कंपास आणि पट्टी म्हटल्यावर आपल्याकडच्या मुलांना आठवते ती एलिमेंटरी. महाराष्ट्राच्या कला संचालनालयाची ही शासकीय रेखाकला परीक्षा आणि तिच्या पुढची इंटरमिजिएट गावोगावच्या शाळांतून मुलं देतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि भूमितीसोबत अक्षरलेखन. मंगाच्या नादाला लागलेल्या मुलाला हे चारही पेपर कंटाळवाणे वाटतात. टेबलावर मडकं, शेजारी दोन कांदे, आणि ते बघून काढायचं! यात निन्जा कुठं आला? पण मडक्याच्या मधोमध उभी रेघ धरून दोन्ही बाजू सारख्या फुगवणं, काठाचा लंबगोल नीट बसवणं, मागची न दिसणारी कड मनात धरणं, हे ज्याला येतं त्याचा दुसरा डोळा अडत नाही. मंगाच्या चेहऱ्याला लागणारी निम्मी विद्या वस्तुचित्राच्या पेपरात आहे. ती मुलांना तशी सांगितली जात नाही, एवढंच.

आता प्रत्यक्ष चेहरा. एचबी पेन्सिलीनं, कागदाला जेमतेम टेकवत, हातानंच एक गोल काढायचा. ही कवटी. गोलाच्या तळापासून खाली त्याच्या उंचीच्या साधारण पाव ते तृतीयांश अंतरावर हनुवटीची खूण करायची आणि गोलाच्या दोन्ही बाजूंनी गालाच्या रेघा उतरवून तिथं मिळवायच्या. लहान मूल असेल तर हनुवटी वर आणि गोलसर, तरुण असेल तर खाली आणि टोकदार. मग टाळूपासून हनुवटीपर्यंत उभी मध्यरेघ आणि अर्ध्या उंचीवर आडवी रेघ. खऱ्या माणसाचे डोळे याच आडव्या रेघेवर, डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात. हे ऐकून बहुतेकांना नवल वाटतं, कारण केसांखाली दडलेली डोक्याची उंची आपण हिशेबातच धरत नाही. मंगात डोळे मोठे असल्यामुळे वरची पापणी या रेघेच्या आसपास आणि उरलेला डोळा तिच्या खाली येतो. पात्र जितकं लहान, तितके डोळे खाली आणि कपाळ मोठं.

दोन डोळ्यांमध्ये साधारण एका डोळ्याची जागा सोडायची. एक डोळा पुरा करून दुसऱ्याकडे वळायचं नाही. दोन्ही वरच्या पापण्या आधी, मग दोन्ही खालच्या, मग दोन्ही बुबुळं, असं जोडीनं पुढं जायचं. कागद उलटा करून उजेडासमोर धरला, की चेहरा कुठं कलंडलाय ते लगेच कळतं. पाठीमागून बघताना डोळ्यांची सवय मोडते आणि चूक उघडी पडते. नाक म्हणजे एक ठिपका किंवा बारीक रेघ. कान भुवई आणि नाकाच्या टोकाच्या दरम्यान. तोंडाची रेघ सलग ओढायचीच असं नाही. मधे तुटली तरी चालते, उलट जास्त जिवंत दिसते.

एवढं आठवडाभर केलं, की समोरून पाहणारा चेहरा जमू लागतो. बरीच मुलं मग वर्षभर समोरचेच चेहरे काढत राहतात. मान जरा वळवायची म्हटली, की पुन्हा सगळं विस्कटतं.

त्यावरचा उपाय वऱ्हाडात हिवाळाभर हातगाडीवर मिळतो. एक संत्रं घ्यायचं. त्याच्यावर स्केचपेननं देठापासून खालच्या टोकापर्यंत एक रेघ आणि मध्यावरून एक आडवी रेघ मारायची. संत्रं नाकासमोर धरलं तर दोन्ही रेघा सरळ दिसतात. थोडं उजवीकडे फिरवलं, की उभी रेघ धनुष्यासारखी बाहेर वाकते. पुढं झुकवलं, की आडवी रेघ खाली लोंबते. मागं कललं, की ती वर उचलते. हीच वळणं कागदावरच्या गोलात उतरवायची आणि डोळे त्या वाकलेल्या रेघेवर बसवायचे. फिरलेल्या बाजूचा, म्हणजे लांबचा डोळा अरुंद होतो आणि कडेशी येतो. संत्र्यावर दोन डोळे काढून तेही फिरवून पाहावेत. 'तीन चतुर्थांश चेहरा' नावाचं जे प्रकरण पुस्तकांतून पानंच्या पानं घेतं, ते असं हातात धरून पाच मिनिटांत कळतं. नंतर संत्रं सोलून खाता येतं, हा आणखी एक फायदा.

केसांचं गणित वेगळं आहे. मुलं एकेक केस ओढत बसतात. केस कवटीला चिकटून नसतात, तिच्यावर थोडे उचललेले असतात, म्हणून गोलाच्या बाहेर आणखी एक सैल रेघ आधी लागते. मग डोक्यावरचा भोवरा कुठं आहे ते ठरवायचं आणि तिथून सगळे झुबके निघाले आहेत असं समजून पाच-सात मोठे झुबके काढायचे. काळे केस भरायला किती वेळ जातो हे साप्ताहिकासाठी राबणाऱ्या जपानी चित्रकारांना पक्कं ठाऊक असतं. 'ड्रॅगन बॉल' ही मालिका 1984 ते 1995 अशी अकरा वर्षं साप्ताहिकात काढणाऱ्या अकिरा तोरियामांनी सांगून ठेवलंय, की गोकू सुपर सायान या शक्तिशाली रूपात गेल्यावर त्याचे केस सोनेरी करण्यामागं शाई भरायचे कष्ट वाचवणं हेही कारण होतं. पानं काळी-पांढरी छापली जात असल्यानं सोनेरी म्हणजे कोरा कागद!

डोळे इतके मोठे का, हा प्रश्न आईवडिलांकडून हमखास येतो. याचं मोठं श्रेय मंगाकार ओसामु तेझुकांकडे जातं. 1928 साली जन्मलेले तेझुका वैद्यकीचं शिक्षण घेतलेले होते. डिस्नेच्या चित्रपटांचं त्यांना वेड होतं आणि लहानपण ताकाराझुका या गावी, तिथल्या झगमगीत संगीतनाट्याच्या सावलीत गेलं होतं. रंगमंचावरच्या नट्यांचे रंगवलेले, दिव्यांनी चमकणारे डोळे त्यांच्या चित्रांत उतरले, असं मानलं जातं. 1952 मध्ये सुरू झालेल्या 'ॲस्ट्रो बॉय'नं ते डोळे घरोघर पोचवले. याच तेझुकांनी 1972 ते 1983 या काळात गौतम बुद्धाच्या आयुष्यावर मोठी चित्रकथा काढली. कपिलवस्तू आणि मगध मंगाच्या चौकटीत कसे दिसतात हे बघायला ती जरूर मिळवावी.

मोठा डोळा भाव दाखवायला सोपा असतो, आणि भाव शिकायला वऱ्हाडाइतकी सोयीची जागा कुठली नसेल. एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो तेव्हा रस्त्यावरचं प्रत्येक तोंड दुपट्ट्यात गुंडाळलेलं असतं. कॉलेजची मुलगी असो, दूधवाला असो की बाजारातून गाडीवर परतणारे काका असोत, दिसतात फक्त डोळे आणि भुवया. तरीही कोण वैतागलंय, कोण हसतंय, कोणाला ओळख द्यायची नाहीये, हे सगळं कळतं. हसताना खालची पापणी वर येते आणि डोळा खालून झाकला जातो. रागात भुवईचं आतलं टोक खाली उतरून वरच्या पापणीला भिडतं. भीतीनं बुबुळाभोवती चारी बाजूंनी पांढरं दिसतं. काळजीत भुवयांची आतली टोकं वर उचलतात. नवशिक्यानं एक पूर्ण पान नुसत्या दुपट्टेवाल्या चेहऱ्यांचं काढावं. तोंड नाही, नाक नाही, केसही नाहीत. ज्याच्या त्या पानावरचे राग आणि काळजी वेगळे ओळखू येतात, त्याला पुढं तोंड काढणं म्हणजे वरकमाई.

अंगाचं माप डोक्याच्या उंचीवरून मोजतात. खरा मोठा माणूस साधारण साडेसात डोकी उंच भरतो, साहसकथेतला नायक सात-आठ, आणि गोंडस रूपातलं पात्र दोन-तीनच. डोरेमॉनची उंची त्याच्या कर्त्यांनी 129.3 सेंटिमीटर धरली, ती त्या काळच्या जपानी चौथीतल्या मुलांच्या सरासरी उंचीवरून. अर्थात पात्राचं माप आधी ठरवून वहीच्या पहिल्या पानावर काढून ठेवावं. नाहीतर पहिल्या चौकटीतला सहा डोक्यांचा नायक चौथ्या चौकटीत पाच डोक्यांचा होतो, आणि हे वाचणाऱ्याला आधी दिसतं, काढणाऱ्याला नंतर.

कमी रेघांत माणूस उभा करणं ही काही जपानचीच मिरास नाही. शि. द. फडणीसांची चित्रं मराठी घरांनी दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत. एकही शब्द नाही, रेघ एकसारखी, चेहरा चार-पाच फटकाऱ्यांचा, आणि तरी विनोद पोचतो. 'टिंकल'मधला सुप्पंडी रेखाटणारे राम वाईरकरही मराठी. त्या लांबट डोक्याची नुसती सावली दाखवली तरी पोरं नाव सांगतात. चांगल्या पात्राची ही जुनी परीक्षा आहे. नारुतो आणि गोकू याच परीक्षेत उतरतात, म्हणून त्यांचे केस तसे आहेत.

नक्कल करावी की नाही, यावर घरात आणि शाळेत दोन्हीकडे वाद असतो. "स्वतःचं काढ ना काहीतरी," असं म्हणणाऱ्यांनी अजिंठ्याचा इतिहास बघावा. 1872 पासून जॉन ग्रिफिथ्स जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करत होते, आणि आराई कांपो नावाचा चित्रकार पहिल्या महायुद्धाच्या काळात जपानहून येऊन तेच करत होता. नक्कल वाईट नाही. मोबाइलच्या काचेवर कागद ठेवून छापणं मात्र निरुपयोगी, कारण त्यात फक्त बाहेरची रेघ हाती लागते, डोकं लागत नाही. एक चित्र बघून काढावं, मग ते झाकून आठवणीनं काढावं. स्मरणचित्राचा पेपर दुसरं काय मागतो? आणि मग तेच पात्र मूळ चित्रात नसलेल्या बाजूनं काढून पाहावं. गोकूची पाठमोरी मान जमली, तर तो आपला झाला.

सामानाचं अवडंबर नको. जपानी चित्रकार वापरतात ते टाक आणि छाप्याचे ठिपकेदार कागद सुरुवातीला लागत नाहीत. एचबी आणि टूबी पेन्सिल, बऱ्यापैकी खोडरबर, बारीक काळं पेन आणि कोरी वही पुरे. दुकानात मिळणारी कॅमलची शाई किंवा कंपासपेटी घेतली, तर त्यात एक गंमत आहे. दांडेकर बंधूंनी 1931 साली मुंबईत सुरू केलेल्या या कंपनीत ओसाकाच्या कोकुयो कंपनीनं 2011 मध्ये मोठा हिस्सा विकत घेतला. म्हणजे मराठी मुलांची कंपासपेटी आता अर्धीअधिक जपानीच आहे.

पात्र तयार झालं, की त्याला गावात फिरवावं. सावंगा विठोबाच्या यात्रेत गुढीपाडव्याला पेटणारा कापूर, पोळ्याला सजवलेली जोडी, फलाटावर पॅसेंजरची वाट बघत पिशवीवर बसलेली आजी, हे विषय तोक्योच्या कुठल्याच चित्रकाराकडे नाहीत. सुरुवातीला चार चौकटींचीच गोष्ट बरी. जपानी वर्तमानपत्रांतही तेवढ्याच चौकटींच्या उभ्या पट्ट्या असतात. फक्त चौकटी उजवीकडून डावीकडे लावायचा हट्ट करू नये. मराठी वाचणारा डावीकडूनच सुरू करणार आणि शेवट आधी वाचून मोकळा होणार.

बोलण्याच्या फुग्यांचंही तसंच. जपानी मजकूर वरून खाली लिहिला जातो, म्हणून मंगातले फुगे उंच आणि अरुंद असतात. तसा फुगा काढून त्यात 'धामणगावले जाऊन येतो' कोंबलं, की शिरोरेघा तुटतात आणि वेलांट्या फुग्याच्या बाहेर येतात. म्हणून अक्षरलेखनाच्या पेपरासारख्या दोन फिक्या रेघा आखून मजकूर आधी लिहावा, उकार-मात्रांना वरखाली जागा सोडावी आणि फुगा त्याच्याभोवती आडवा फिरवावा. मालगाडी जातानाच्या 'धडधडधड'ला फुगा लागत नाही. ती अक्षरं जाड आणि तिरकी करून चौकटीच्या कडेबाहेर जाऊ द्यावीत.