कृषक विवाहभोजन
कृषक विवाहभोजन : फ्लेमिश चित्रकार थोरला पीटर ब्रूगेल (सु. १५२५–६९) याचे ग्रामजीवनविषयक प्रसिद्ध चित्र. ओक लाकडाच्या फळीवर तैलरंगांत रंगविलेले हे चित्र सु. १५६७-६८ मधील असून, त्याची रुंदी सु. १६४ सेंमी. व उंची सु. ११४ सेंमी. आहे. आर्चड्यूक एर्न्स्ट याने १५९४ मध्ये ते खरेदी केले. ते व्हिएन्ना येथील कलेतिहास संग्रहालयात आहे.

भोजनाचा प्रसंग धान्याच्या कोठारात घडतो. मागील पिवळसर भिंत म्हणजे वस्तुतः रचलेल्या पेंढ्यांची रास होय. तीवर दाताळ्याला अडकविलेल्या दोन पेंढ्या दिसतात. कापणी आटोपली असून मळणी व्हावयाची आहे, असे यावरून सूचित होते. गोंदिया, भंडारा या धानाच्या प्रदेशातील पुंजणे पाहिलेल्या प्रेक्षकास ही पार्श्वभूमी परकी वाटत नाही. वर्षाचे पीक हाती आल्यावरच मंगलकार्याचा खर्च पेलतो.

हिरव्या कापडापुढे, टांगलेल्या कागदी मुकुटाखाली, नवरी हात जुळवून स्वस्थ बसली आहे. तिरप्या मांडलेल्या लांब मेजामुळे दृष्टी आपोआप दाराजवळच्या गर्दीकडे ओढली जाते. दर्शनी भागी दोघे जण दाराच्या फळीवरून लापशीच्या थाळ्या वाहून नेत आहेत. एक जण बुधले भरतो, एक मूल थाळी चाटते, तर मशकवाद्य वाजविणारा वादक वाजविणे विसरून अन्नाकडे पाहत आहे. उजवीकडे एक ख्रिस्ती भिक्षू तलवारधारी प्रतिष्ठिताशी बोलत आहे. नवरदेव नेमका कोणता, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

चित्राचा हेतूही वादग्रस्त आहे. ब्रूगेल व त्याचा एक व्यापारी मित्र शेतकऱ्यांच्या वेषात, वधूवरांचे नातलग म्हणून लग्नांना जात, असे कारेल व्हान मांडर याने १६०४ मध्ये नमूद केले. त्यावरून काहींनी या चित्रात खादाडपणाचा उपहास पाहिला. तथापि पानांत लापशी व पाव एवढेच आहे. कोणी झिंगलेला नाही. वाढणाऱ्याच्या टोपीत खोचलेला चमचा उपहासासाठी नव्हे, तर निरीक्षणाच्या सचोटीने आला आहे. धार्मिक वा पौराणिक कथेचा आधार न घेता श्रमिकांच्या साध्या जेवणाला एवढा मोठा चित्रफलक देणे, हेच त्या काळी नवे होते.

ब्रूगेलच्या ग्रामीण विषयांच्या प्रतिकृती त्याचा मुलगा धाकटा पीटर याने केल्या. पुढे आड्रियान ब्राउवर व धाकटा डेव्हिड टेनिर्स यांनी कृषकजीवनाचे चित्रण लोकप्रिय केले. त्यांच्या चित्रांत मद्यगृहे व भांडणे अधिक आढळतात. ब्रूगेलच्या चित्रातील शेतकरी मात्र आपल्या धान्याच्या राशीपुढे बसून जेवतो.