घंटा वाजली की हातातले काम खाली

मराठीत आपण ‘शिस्त’ म्हणतो, कन्नडमध्ये ‘शिस्तु’. आमच्या घरात दोन्ही भाषा नांदतात, त्यामुळे मुलांना दोन्हींतून दटावता येते. परिणाम मात्र सारखाच, म्हणजे बेताचाच! बी.ए.च्या वर्गाला मध्ययुगीन युरोप शिकवताना संत बेनेडिक्ट यांची नियमावली वाचली आणि शिस्त या शब्दाचा वेगळाच अर्थ हाती लागला.

बेनेडिक्ट इटलीतील नर्सियाचे. जन्म इ.स. ४८० च्या सुमारास, म्हणजे रोमचे पश्चिमेकडील साम्राज्य मोडल्यानंतरचा. शिकायला रोमला गेले, पण तेथील स्वैर जीवनाला विटून त्यांनी शहर सोडले. पुढे ५२९ च्या सुमारास मोन्ते कासिनोच्या डोंगरावर त्यांनी मठ उभारला आणि तिथल्या बंधूंसाठी ७३ प्रकरणांची छोटी नियमावली लिहिली. दिवसा सात वेळा व रात्री एकदा प्रार्थना, मधल्या वेळात अंगमेहनत आणि वाचन. प्रार्थनेची खूण ऐकू आली की हातातले काम तसेच टाकून निघायचे. मात्र रात्रीच्या प्रार्थनेचे सुरुवातीचे स्तोत्र मुद्दाम सावकाश म्हणावे, म्हणजे उशिरा उठणाऱ्यांनाही गाठता येईल, असेही त्यात लिहिले आहे. झोपाळूंची इतकी काळजी आमच्या कॉलेजच्या हजेरीपटातही नाही.

मला सर्वांत भावले ते स्वयंपाकघराचे प्रकरण. दर आठवड्याला पाळी बदलते. आजारी किंवा महत्त्वाच्या कामात गुंतलेला सोडला तर कोणालाही सूट नाही. पाळी संपवणाऱ्याने शनिवारी सफाई करायची, हातपाय पुसायचे पंचे धुवायचे, भांडी स्वच्छ आणि धड परत द्यायची. पाळी संपवणारा आणि नवी घेणारा, दोघांनी मिळून सर्वांचे पाय धुवायचे. वाढणाऱ्यांना जेवणाच्या तासभर आधी थोडी भाकरी आणि पेय द्यावे, म्हणजे ते कुरकुर न करता वाढतील! मठातील साध्या भांड्याकुंड्यांकडेही वेदीवरील पवित्र पात्रांसारखे पाहावे, असे बेनेडिक्ट सांगतात. आपल्याकडच्या शरणांनी कष्टाला ‘कायक’ म्हणून जे मोल दिले, ते आठवल्याशिवाय राहत नाही.

आपल्या घरांत शिस्त म्हणजे बहुधा एकाचा हुकूम आणि एकीची धावपळ. डबे, पाणी, गणवेश, औषधे सारे एकाच बाईच्या डोक्यात, आणि ती आजारी पडली की घर कोलमडते. मठातली घंटा मात्र मठाधिपतीलाही उठवते. पाहुण्यात आणि आजाऱ्यात प्रत्यक्ष ख्रिस्त आहे, या श्रद्धेवर हे वेळापत्रक उभे आहे. म्हणून सेवा करणारा तिथे लहान ठरत नाही. या परंपरेचा आशीर्वनम हा मठ बंगळूर–म्हैसूर रस्त्यावर आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल.

भांडणांचाही बेनेडिक्टनी विचार केला होता. एकत्र राहणाऱ्यांत काटे उगवणारच. म्हणून सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेत ख्रिस्ताने शिकवलेली प्रार्थना मठप्रमुखाने सर्वांना ऐकू जाईल अशी म्हणावी. तीत आपण इतरांना क्षमा करतो असे देवाला सांगून मग स्वतःसाठी क्षमा मागायची असते. रोज दोनदा हे ऐकल्यावर अबोला धरणे अवघडच!

मठ राहू द्या, हे संसारी घरातही चालते. आमच्या शेजारी मूळचे गोव्याचे एक कुटुंब आहे. संध्याकाळी साडेसातला त्यांच्याकडे टीव्ही बंद होतो, मोबाइल कपाटावर जातात आणि रोझरी सुरू होते. ती संपली की धाकट्यांनी थोरल्यांकडे ‘बेसांव’ म्हणजे आशीर्वाद मागायचा, मग पाने घ्यायची. गेल्या वर्षी दुकानाच्या हिशेबावरून दोघा भावांत बिनसले. मावशींनी मध्यस्थी केली नाही की कोणाची बाजू घेतली नाही. फक्त साडेसात चुकू दिले नाहीत. तीन दिवस दोघे शेजारी गुडघे टेकून बसत आणि न बोलता उठत. चौथ्या दिवशी धाकट्याने बेसांव मागितला आणि लगेच विचारले, ‘‘उद्या दुकान मी उघडू का?’’ थोरल्याने खिशातून किल्ल्या काढून दिल्या. तोवर मावशींनी पाने मांडली होती.