सोयरीक फोनवरची, चौकशी मात्र गावाकडचीच हवी!

मृग तोंडावर आला की आम्ही गावोगाव एकच गोष्ट सांगत फिरतो. घरचे सोयाबीन पेरायचे असेल तर आधी त्याची उगवण तपासा. शंभर दाणे मोजून घ्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि पाच-सहा दिवसांनी मोड मोजा. सत्तर उगवले तर बियाणे पेरणीजोगे. दाणा वरून कितीही टपोरा दिसो, ओल लागल्याशिवाय तो जिवंत आहे की मेलेला ते कळत नाही.

आज लिहायचे आहे ते मात्र बियाण्याविषयी नाही. मोबाइलवर जुळणाऱ्या आणि पैसे घेऊन पसार होणाऱ्या सोयरिकीविषयी लिहायचे आहे. तुम्ही म्हणाल, शेतीखात्याच्या माणसाला ही उठाठेव कशाला? त्याचे कारण आधी सांगतो.

पार्सलची पावती

अवकाळी पावसाच्या नुकसानीचे पंचनामे चालू होते. तलाठी, ग्रामसेवक आणि मी बांधाबांधाने फिरत होतो. तिशी ओलांडलेला एक कष्टाळू तरुण शेतकरी मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, परदेशातून पार्सल आलं तर कस्टमचे पैसे भरावे लागतात का हो?" मी घाईत होतो. "लागत असतील," म्हणालो आणि पुढच्या गटाकडे वळलो.

पंधरा दिवसांनी तोच तरुण एक छापील कागद घेऊन दारात उभा राहिला. "ही पावती खरी की खोटी ते बघता का?" कागदावर राजमुद्रा होती, शिक्का होता, इंग्रजी मजकूर होता आणि पैसे भरायला दिलेले खाते मात्र कुणा खासगी माणसाचे होते. टोमॅटोच्या पट्टीचे पैसे तीन हप्त्यांत त्या खात्यात गेले होते. फोनवरची मुलगी परदेशात नर्स, लग्नाला तयार, शेतीची आवड असलेली. तिचा नंबर आता लागत नव्हता. घरी आईला काहीच माहीत नव्हते. "पैशाचं सोडा साहेब, पण गावात कळलं तर काय तोंड दाखवू?" एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

आम्ही तक्रार केली, पण पहिला हप्ता जाऊन बरेच दिवस उलटले होते. हाती फारसे काही आले नाही. त्या दिवशी बांधावर मी दोन मिनिटे थांबलो असतो तर? ही चूक माझी. म्हणून आज लिहीत आहे.

आपलाच माणूस का सापडतो?

यात पोराला मूर्ख ठरवणे सोपे आहे, पण ते खरे नाही. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, हे दुखणे जुन्नर-आंबेगावात घरोघरी आहे. दहा एकर बागायत असली तरी "मुलगा पुण्यात कामाला आहे का?" हा पहिला प्रश्न. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुण मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चाने गेले, ते काही गंमत म्हणून नव्हे. २००१ च्या जनगणनेत आपल्या राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या. ती मुले आज लग्नाच्या वयात आहेत. गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ चा. आपण तो किती पाळला, त्याचा हा हिशेब.

अशा वेळी फोनवर कुणी "जेवलात का? पाणी धरून झालं का?" असे रोज विचारू लागले, तर मन ओढ घेणारच. ठगाला हेच हवे असते. आणि हे दुखणे केवळ मुलांचे नाही. नवरा गेलेली बाई, नोकरीसाठी पुण्यात राहणारी लेक, मुले दूर असलेले म्हातारे गृहस्थ, कोणीही सापडते. बायकांना बहुधा परदेशातला डॉक्टर, इंजिनिअर किंवा लष्करातला अधिकारी भेटतो. गणवेशातला फोटो आणि ओळखपत्रसुद्धा पाठवतो. फोटो भलत्याच माणसाचा असतो आणि ओळखपत्र संगणकावर केलेले.

फसवणुकीची रीत ठरलेली

नावे बदलतात, रीत बदलत नाही. ओळख विवाहाच्या संकेतस्थळावर किंवा फेसबुकवर होते आणि दोन दिवसांत बोलणे व्हॉट्सअॅपवर नेले जाते. कारण संकेतस्थळावर तक्रार होऊ शकते, खासगी बोलण्यावर कुणाची नजर नसते. मग दोन-तीन आठवडे नुसती माया. पैशाचा शब्द नाही. शेत नांगरून तयार झाले की पेरणी सुरू होते, आणि तिचे प्रकार चार:

पहिला, पार्सलचा. भेटवस्तू आणि परकी चलन पाठवले, ते दिल्ली विमानतळावर अडकले, कस्टमचा अधिकारी फोन करतो. आधी जकात, मग दंड, मग कसले तरी प्रमाणपत्र. आकडा चढतच जातो. ध्यानात घ्या, सरकारी जकात कधीही कुणाच्या वैयक्तिक खात्यात भरायची नसते.

दुसरा, एजंटचा. दुसऱ्या जिल्ह्यातली गरीब घरची मुलगी आहे म्हणून फोटो येतो. नोंदणी फी, मुलीच्या आईचे दवाखान्याचे बिल, साड्यांचा खर्च, असे पैसे आधी मागतात. काही ठिकाणी लग्न लागतेही, आणि चार दिवसांत नवरी दागिन्यांसह जाते. २०२१ मध्ये पुणे ग्रामीण पोलिसांनी मावळात अशी बनावट लग्ने लावणारी टोळी पकडली, तीत बहुतेक महिलाच होत्या.

तिसरा, व्हिडिओ कॉलचा. समोरची बाई कपडे उतरवते, तुम्हालाही भाग पाडते, त्याचे चित्रण होते आणि "नातेवाइकांना पाठवू" म्हणून धमकी येते. पाठोपाठ "पोलीस" म्हणून दुसराच ठग फोन करतो. इथे एक रुपयाही देऊ नका. एकदा दिले की मागणे थांबत नाही.

चौथा, गुंतवणुकीचा. प्रेमाच्या बोलण्यातून "मी या अॅपमध्ये पैसे घालते, तुम्हीही घाला" असे येते. आधी थोडा नफा काढूनही देतात. पडद्यावर आकडा फुगत राहतो, पण मोठी रक्कम काढायला गेलात की आधी "कर" भरायला सांगतात.

आणि तिकडे टाइप करणारा कोण असतो? संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये अंदाज दिला, की म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख लोकांना डांबून त्यांच्याकडून ऑनलाइन ठगीची कामे करून घेतली जात असावीत. चांगल्या नोकरीच्या आमिषाने गेलेली आपली पोरेही त्यात सापडली. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी पाचशेहून अधिक भारतीयांना तिथून परत आणले. म्हणजे "प्रिये" म्हणणारी ती मुलगी बंद खोलीत कोंडलेला एखादा पोरगाही असू शकतो.

सोयरिकीची उगवण चाचणी

जून २०१६ मध्ये केंद्र सरकारने विवाह-संकेतस्थळांसाठी सूचना काढल्या, नोंदणी करणाऱ्याची ओळख तपासा म्हणून सांगितले. पण संगणक काही गावात येऊन ओसरीवर बसत नाही. ते काम आपले. आपली आजी स्थळ आले की काय विचारायची ते आठवा, आणि तेच विचारा:

१. मूळ गाव कोणते, मामा कुठले, आत्या कुठे दिली? खऱ्या माणसाला हे सांगायला वेळ लागत नाही. मग त्या गावातला आपला कोणी पाहुणा गाठा. पाहुणा नसेल तर तिथल्या पोलीस पाटलाकडे चौकशी करा.

२. माणूस प्रत्यक्ष भेटतो का? व्हिडिओ कॉलवर विसंबू नका, आता चेहराही बनावट करता येतो. घरच्या वडीलधाऱ्यांसह, दिवसाउजेडी, त्यांच्या घरी जाऊन भेट व्हायला हवी. भेट दर वेळी पुढे ढकलली जात असेल तर समजून घ्या.

३. फोटो कुणाचा आहे? गूगल लेन्समध्ये तो टाकून बघा. दुसऱ्याच नावाने तो इतरत्र दिसला तर विषय संपला. घरातल्या शाळकरी पोरालाही हे येते.

४. "कुणाला सांगू नका" असे म्हणतात का? चांगली सोयरीक चारचौघांत होते. जिथे गुपित ठेवायला सांगतात, तिथे पाणी मुरते.

५. भेटीआधी पैसे मागितले का? हा शेवटचा आणि मोठा प्रश्न. कारण कोणतेही असो, रक्कम पाचशेची असो की पाच लाखांची, पैसे मागितले की सोयरीक मोडली असे समजावे. आणि पैसे *घ्यायला* यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

यातल्या एका जरी प्रश्नाला मोड फुटला नाही, तरी पेरू नका.

पैसे गेलेच तर

लाजेत एक तासही घालवू नका. १९३० हा राष्ट्रीय सायबर मदत क्रमांक आहे. त्यावर लगेच फोन करा. कोणत्या खात्यातून, किती वाजता, किती पैसे गेले आणि व्यवहाराचा क्रमांक काय, हे हाताशी ठेवा. तिथून पुढच्या बँकेला कळवून पैसे रोखण्याचा प्रयत्न होतो. ठग मात्र ते एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने फिरवतात, म्हणून जो लवकर सांगेल त्याचेच वाचण्याची आशा जास्त. आपल्या बँकेलाही कळवा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते.

बोलणे, फोटो, पावत्या रागाने पुसून टाकू नका, तोच पुरावा आहे. मग नारायणगाव, जुन्नर, ओतूर, आळेफाटा, मंचर, घोडेगाव, जे जवळ असेल ते पोलीस ठाणे गाठा. गुन्हा कुठेही घडला असला तरी नव्या कायद्याने कोणत्याही ठाण्यात तो नोंदवता येतो. संगणक वा मोबाइलवरून दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड नुसार तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. आणि "गेलेले पैसे काढून देतो, आधी फी भरा" असे म्हणणारा भेटला तर तो त्याच माळेचा मणी समजा.

तरुणांना आणखी एक. चार-पाच हजारांसाठी आपले पासबुक, एटीएम कार्ड किंवा सिम कुणाला वापरायला देऊ नका. ठगीचे पैसे अशाच भाड्याच्या खात्यांतून फिरतात आणि पोलीस पहिल्यांदा खातेदाराच्याच दारात येतात.

गावाने काय करावे

सरपंच, पोलीस पाटील, ग्रामपंचायतीचे अधिकारी आणि सोसायटीचे सचिव यांना विनंती आहे. पुढच्या ग्रामसभेत दहा मिनिटे या विषयाला द्या. १९३० हा आकडा पंचायतीच्या, सोसायटीच्या आणि दूध डेअरीच्या भिंतीवर रंगवा. बँकेतला किंवा सेवा केंद्रातला माणूस एखाद्या गड्याला अनोळखी खात्यात घाईघाईने पैसे भरताना पाहील, तर "कुणाला पाठवताय?" एवढे आपुलकीने विचारू द्या.

आणि कुणी फसला, तर पारावर त्याची टिंगल करू नका. आपल्या हसण्याच्या भीतीने माणूस गप्प बसतो, आणि त्याच्या गप्प बसण्यावर ठगाचे पुढचे पीक येते. तुमच्या घरातला कोणी रात्री उशिरापर्यंत फोन घेऊन बसत असेल, पट्टीचे पैसे कुठे गेले ते सांगत नसेल, तर रागावू नका. जवळ बसा आणि विचारा. बांधावर मी थांबलो नाही; तुम्ही थांबा.